दहा लीटरमागचा हिशेब

पारोळा हे ताफ्यांच्या वाटेवरचे गाव आहे. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३, सुरतेकडून येतो, नवापूर-विसरवाडी मागे टाकून कोंडाईबारीचा घाट चढतो, धुळ्याला मुंबई-आग्रा रस्ता ओलांडतो आणि पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करत नागपूरकडे निघून जातो. सुरतेचे कापड, जिनिंगमधून निघालेल्या रुईच्या गाठी, जळगावचे पीव्हीसी पाइप, चटया आणि डाळ अशी सगळी वाहतूक या पट्ट्यात चालते. याच रस्त्यावर एसटीच्या जळगाव आणि धुळे विभागांच्या गाड्या दिवसभर ये-जा करतात. राज्यभर पंधरा हजारांच्या आसपास गाड्या चालवणारे महामंडळ आणि घरच्या एक-दोन ट्रकवर पोट असलेला मालक, दोघांपुढचा प्रश्न एकच आहे. तीच गाडी, तोच रस्ता, तेच डिझेल. मग त्यातून जास्त काम कसे निघेल?

पैशाचा हिशेब सरळ आहे. एसटीला रोज साधारण दहा लाख लीटर डिझेल लागते. त्यातला एक टक्का वाचला तर रोजचे दहा हजार लीटर होतात. डिझेल लीटरला नव्वद रुपये धरले तर दिवसाला नऊ लाख, वर्षाला तेहतीस कोटींच्या घरात. खासगी ट्रकचे उदाहरण घेऊ. महिन्याला आठ हजार किलोमीटर धावणारी आणि लीटरला चार किलोमीटर देणारी गाडी दोन हजार लीटर पिते. पाच टक्के बचत म्हणजे शंभर लीटर, नऊ हजार रुपये. एका गाडीच्या मालकाला त्यातून हप्त्याचा मोठा भाग सुटतो.

ही बचत यायची कुठून, यावर गेली पंधरा-वीस वर्षे जगभर वाद चालू आहे. सर्वांत मोठ्या प्रमाणावर तो जहाजांच्या धंद्यात झाला, कारण माणसाने हवेत सोडलेल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे तीन टक्के जहाजांतून निघतात आणि जहाजाच्या खर्चात इंधनाचा वाटा फार मोठा असतो. काही म्हणतात, आकडे गोळा करा, गळती आपोआप दिसेल. काही म्हणतात, चालवणाऱ्याला शिकवा. यंत्रशाळेचे लोक म्हणतात, आधी यंत्र नीट ठेवा. आणि चालवणारा विचारतो, वाचलेल्यातले मला काय? या चारही बाजू खानदेशातल्या रस्त्यावर कशा उभ्या आहेत, ते पाहू.

लॉगशीटपासून उपग्रहापर्यंत

१ जून १९४८ रोजी पुणे ते नगर अशी पहिली एसटी धावली. एसटीत इंधनाचे मोजमाप केपीटीएलमध्ये करतात: दहा लीटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर गेली. ट्रकवाला त्यालाच ‘ॲव्हरेज’ म्हणतो आणि एका लीटरचा धरतो. १९६७ मध्ये पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था, म्हणजे सीआयआरटी, उभी राहिली आणि देशभरच्या राज्य परिवहन उपक्रमांना चालक-प्रशिक्षण व वाहन-तपासणीचे एक हक्काचे ठिकाण मिळाले. १९७३ च्या तेलसंकटाने इंधन हा राष्ट्रीय प्रश्न झाला. पुढे १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, पीसीआरए, स्थापन झाली. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, थांबलात की इंजिन बंद करा, वेग ताशी पंचेचाळीस ते पंचावन्न ठेवा, हा तिचा उपदेश एका पिढीने पेट्रोलपंपांवर आणि दूरदर्शनवर वाचला-ऐकला. परिवहन महामंडळांच्या चालकांसाठी तिने शिबिरेही घेतली.

तेव्हाचे मोजमाप कसे चालत असे, आणि पुष्कळ ठिकाणी अजून चालते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. गाडी आगारात परतली की पंपावर तिची टाकी तोंडापर्यंत भरायची. जितके लीटर बसले तितके खर्च झाले असे धरायचे. लॉगशीटवरच्या किलोमीटरला त्या लीटरने भागायचे. यात मेख अशी, की डिझेल भरताना फेस वर येतो. घाईत नोझल लवकर काढले तर दोन-तीन लीटर कमी बसतात. मग त्या दिवशीच्या चालकाचा आकडा चढतो आणि दुसऱ्या दिवशी तेच दोन-तीन लीटर दुसऱ्याच्या नावावर पडतात. एकाच गाडीवर पाळीपाळीने वेगवेगळे चालक असतील तर कोणाचे कोणाच्या खाती गेले हे सांगता येत नाही. महिन्याची सरासरी काढली की ही चूक बरीचशी विरते. पण चालकाला जो कागद दाखवून जाब विचारला जातो तो पुष्कळदा एखाद्या दिवसाचा किंवा आठवड्याचा असतो.

गेल्या दहा वर्षांत चित्र झपाट्याने बदलले. २०१५ पासून बहुतेक मालवाहू गाड्यांना ताशी ऐंशीचे वेगनियंत्रक सक्तीचे झाले. १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आले, २०१९ पासून नव्या प्रवासी वाहनांत उपग्रहाद्वारे माग देणारे यंत्र बसवणे बंधनकारक झाले, फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅगची सक्ती झाली. एसटीनेही २०१९ मध्ये गाड्यांचा माग ठेवणारी यंत्रणा आणली. खरे वळण मात्र १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ मानकाचे. या इंजिनांत डिझेलची फवारणी संगणक ठरवतो. त्यामुळे किती फवारले, किती वेळ गाडी उभी राहून इंजिन चालू होते, क्लच किती वेळा दाबला, याची नोंद इंजिनातच होते. टाटा मोटर्सचे ‘फ्लीट एज’ किंवा अशोक लेलँडचे ‘आय-अलर्ट’ ही नोंद मालकाच्या मोबाइलवर आणून देतात.

जहाजांचा प्रवास याच दिशेने, पण जास्त शिस्तीने झाला. जहाजावरून रोज दुपारी बारा वाजता कंपनीला अहवाल जातो: चोवीस तासांत किती अंतर कापले, किती इंधन जळले, वारा कसा, समुद्र कसा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१३ मध्ये जहाजांना ऊर्जा-कार्यक्षमतेचा आराखडा सक्तीचा केला. २०१९ पासून पाच हजार टनांवरच्या जहाजांच्या इंधनाची नोंद गोळा होऊ लागली आणि २०२३ पासून त्या नोंदीवरून जहाजांना ‘ए’ ते ‘ई’ अशी वार्षिक श्रेणी मिळते. रस्त्यावरच्या ताफ्यांना आपल्याकडे अशी श्रेणी नाही.

आकडे काय दाखवतात

आकड्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा, की सर्वांत मोठी गळती चालकाच्या पायाखाली नसतेच. ती रिकाम्या फेरीत आणि उभ्या गाडीत असते. अर्थशास्त्रज्ञ थॉमस हबर्ड यांनी अमेरिकन ट्रकांवरच्या संगणकांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या ट्रकांवर अशी यंत्रे बसली त्यांच्या क्षमतेचा वापर सुमारे तेरा टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. महत्त्वाचे म्हणजे हा लाभ मुख्यत्वे गाडी आत्ता कुठे आहे हे कार्यालयाला तत्क्षणी कळवणाऱ्या प्रगत यंत्रांचा होता. चालकाने गाडी कशी चालवली एवढेच नोंदवणाऱ्या साध्या यंत्रांचा त्यात फारसा हात नव्हता. गाडी कुठे आहे हे कळले की पुढचे भाडे जुळवता येते.

जळगावहून पाइप घेऊन गेलेला ट्रक परतीच्या भाड्यासाठी एखाद्या वाहतूकनगरात दोन दिवस पडून राहतो किंवा रिकामाच परततो, तेव्हा त्याच्या चालकाने लीटरला पाव किलोमीटर वाढवले काय आणि घटवले काय, महिन्याच्या हिशेबात फरक थोडाच पडतो. उभ्या गाडीचेही तसेच. अवजड इंजिन नुसते चालू राहिले तरी तासाला दीड-दोन लीटर डिझेल जाते. मार्केट यार्डाच्या रांगेत, वजनकाट्यावर, उन्हाळ्यात केबिन गार ठेवण्यासाठी हे होत राहते आणि लॉगशीटवर ते कधीच दिसत नाही, कारण गाडी हललेलीच नसते.

जहाजांनी हा धडा मोठ्या आकड्यांत शिकवला आहे. जहाजाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के कमी केला तर लागणारी शक्ती सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरते. प्रवासाला वेळ जास्त लागतो हे धरूनही त्या अंतराचे इंधन एकोणीस टक्क्यांच्या आसपास वाचते. २००८ च्या मंदीनंतर मोठ्या कंटेनर कंपन्यांनी मुद्दाम हळू जहाजे चालवली ती यामुळे. तरीही कित्येक जहाजे आजही बंदराकडे धाव घेतात आणि बाहेर नांगर टाकून दिवस-दिवस ताटकळतात. भाडेकरारात ‘शक्य तितक्या वेगाने गेलेच पाहिजे’ अशी अट असते आणि धक्क्यावरचा नंबर आधी पोहोचणाऱ्याला मिळतो. अशा ठिकाणी कप्तानाच्या हातात फारसे काही उरत नाही.

या बाजूवर घेतला जाणारा आक्षेप असा, की आकडा घटना सांगतो, कारण सांगत नाही. मोबाइलवर ‘जोराचा ब्रेक’ अशी सूचना येते. शेतातून एकदम रस्त्यावर आलेली बैलगाडी किंवा उलट्या बाजूने आलेली मोटारसायकल त्या सूचनेत नसते. दिवसाला अशा पन्नास सूचना येऊ लागल्या की मालक त्या पाहणे सोडून देतो. हा आक्षेप मला खरा वाटतो. यंत्र बसवून वर्षभराने त्याचे शुल्क भरणे बंद करणारे मालक याच कंटाळ्यातून तयार होतात.

पाय, गिअर आणि प्रशिक्षण

प्रशिक्षणाचा आग्रह धरणारे एका साध्या निरीक्षणापासून सुरुवात करतात. एकाच आगारात, एकाच मार्गावर, सारख्याच गाडीवर दोन चालकांच्या केपीटीएलमध्ये ठळक अंतर पडते. मग चांगल्या चालकाच्या सवयी इतरांना का शिकवू नयेत?

त्या सवयी मोजक्या आहेत. इंजिनाचे फेरे दर्शक-काट्याच्या हिरव्या पट्ट्यात ठेवणे, वरचा गिअर वेळेवर टाकणे, पुढचा थांबा किंवा गतिरोधक लांबून ओळखून पाय आधी उचलणे, क्लचवर पाय ठेवून न चालवणे, सकाळी टायरची हवा तपासणे. यातली पाय आधी उचलण्याची सवय सर्वांत मोलाची. ब्रेक मारतो तेव्हा जी गती घालवतो ती मिळवायला डिझेल आधीच जळलेले असते.

सर्वांत कठीण काम असते जुनी समजूत मोडण्याचे. उतारावर गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचते, असे मानणारे चालक पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून गेलेली भरलेली गाडी परतीला न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे काय, हे त्या घाटातले अपघात पाहिलेल्याला सांगावे लागत नाही. इंजिनाचा अडसर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. यात बचतीचीही समजूत आता जुनी झाली. संगणकावर चालणाऱ्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की डिझेलची फवारणी पूर्ण थांबते. न्यूट्रल केले तर इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. प्रशिक्षकाने हे नुसते सांगून भागत नाही. शेजारी बसून, दोन्ही रीतींनी तोच उतार उतरून, पडद्यावरचा आकडा दाखवला की समजूत हलते. आकडे आणि प्रशिक्षण यांची खरी भेट इथे होते, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेतली सर्वांत आशादायक जागा हीच आहे.

प्रशिक्षणाने किती वाचते? प्रसिद्ध झालेले अभ्यास उत्साहाला थोडा लगाम घालतात. अथेन्समधल्या शहरी बसचालकांवर केलेला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण चालू असताना बचत दहा टक्क्यांच्या आसपास होती. नंतर रोजच्या मार्गावर ती सव्वाचार टक्क्यांच्या घरात आली. त्याच वर्षी आंदेर्स आफ वॉलबर्ग यांनी स्वीडनमधल्या उप्सालाच्या बसचालकांचा दीर्घ अभ्यास मांडला. तिथे वर्षभराच्या काळातली बचत सुमारे दोन टक्के निघाली. प्रशिक्षक शेजारी असतो तेव्हा सगळेच नीट चालवतात. तो उतरला की वेळापत्रक, गर्दी आणि सवय यांचे राज्य परत येते. शिबिराच्या दिवशी मोजलेली बचत ही वर्षाची बचत म्हणून सांगू नये, एवढा निष्कर्ष या दोन्ही अभ्यासांतून निघतो.

पण बचत टिकवायचा मार्ग नाहीच असे नाही. व्हर्जिन अटलांटिक या विमान कंपनीच्या ३३५ कप्तानांवर २०१४ मध्ये केलेला प्रयोग या क्षेत्रात फार चर्चिला गेला. काही कप्तानांना एवढेच कळवले, की इंधनाची नोंद पाहिली जाणार आहे. काहींना दर महिन्याला त्यांचा स्वतःचा आकडा पाठवला, काहींना लक्ष्यही दिले. ज्यांना फक्त नोंद पाहिली जाईल असे कळवले होते त्यांचेही वागणे सुधारले. ज्यांना वैयक्तिक लक्ष्य मिळाले त्यांचे आणखी सुधारले. तिथे कोणाला नवे काही शिकवले नव्हते. कप्तान तेच होते, फक्त आपल्या आकड्याकडे कोणी पाहते आहे हे त्यांना ठाऊक होते.

वर्कशॉपचे म्हणणे

आगारातल्या मेकॅनिकला विचारले तर तो या सगळ्या चर्चेवर पहिला प्रश्न टाकतो, की गाडी कशी आहे? एअर फिल्टर चोंदलेला असेल, इंजेक्टर खराब असेल, क्लच घसरत असेल किंवा ब्रेक ड्रमला चिकटून चालत असेल, तर जगातला उत्तम चालकही केपीटीएल आणू शकत नाही. एसटीने कोरोना आणि ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या संपाच्या काळात नव्या गाड्या फारशा घेतल्या नाहीत आणि ताफ्याचे वय वाढले. जुन्या गाडीचा आकडा चालकाच्या माथी मारणे अन्याय्य आहे, हे वर्कशॉपचे लोक चालकांच्या आधी सांगतात.

रस्त्याचेही तसेच. फागणे ते तरसोद हा धुळे-जळगाव पट्ट्यातला ८७ किलोमीटरचा चौपदरीकरणाचा टप्पा वर्षानुवर्षे रखडला. वळणरस्ते, खड्डे, एकेरी वाहतूक यांतून जाणाऱ्या गाडीचा गिअर सतत खाली-वर होतो. त्या काळातल्या नोंदी आणि नंतरच्या नोंदी शेजारी ठेवून ‘प्रशिक्षणाने सुधारणा झाली’ असे म्हणता येणार नाही.

मोजमापातच एक खोलवरचा दोष आहे, आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही. केपीटीएल फक्त किलोमीटर मोजते, माणसे मोजत नाही. रिकामी बस कमी डिझेल खाते, म्हणून तिचा केपीटीएल चांगला येतो. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. गाड्या भरून वाहू लागल्या, थांब्यांवर चढ-उताराला वेळ लागू लागला. पारोळ्याच्या बसस्थानकात बाजाराच्या दिवशी दारापर्यंत भरलेली गाडी पुन्हा-पुन्हा पहिल्या गिअरमधून उचलायची म्हणजे जास्त डिझेल लागणारच. कागदावर ही कार्यक्षमतेतली घट दिसते. प्रवाशामागे किती डिझेल लागले असे मोजले, तर तीच गाडी पूर्वीपेक्षा सरस निघेल.

जहाजांच्या नव्या श्रेणीवरही नेमका हाच आक्षेप आहे. ती जहाजाची क्षमता आणि कापलेले अंतर यांच्यावर काढतात. प्रत्यक्ष माल किती वाहिला हे तिच्यात येत नाही. रिकामे जहाज लांबचा फेरा मारून आले तर त्याची श्रेणी सुधारू शकते, आणि बंदराबाहेर ताटकळलेल्या जहाजाची दोष नसताना घसरते. सागरी संघटनेने या सूत्राचा फेरविचार हाती घेतला आहे. आपल्याकडे केपीटीएलचा असा फेरविचार व्हायला हवा.

चालकाच्या सीटवरून

खासगी ट्रकांच्या धंद्यात प्रोत्साहनाची एक जुनी रीत आहे. मालक खेपेला ठरावीक डिझेल किंवा त्याचे पैसे उक्ते देतो. वाचले ते चालकाचे, जास्त लागले ते त्याच्या खिशातून. अर्थशास्त्राच्या पुस्तकातले प्रोत्साहन हेच, फक्त करार तोंडी. या रीतीत चोरीला वाव असतो, चालक भलत्या काटकसरीलाही लागतो, पण बचतीतला त्याचा वाटा पक्का असतो. टाकीतला सेन्सर आणि मोबाइलवरचा आलेख आला की मालकाला खरा खर्च कळतो, उक्ता आकडा खाली येतो आणि चालकाची वरकड जाते. पगार मात्र त्या मानाने वाढत नाही. यंत्राला चालकांचा जो विरोध होतो त्यामागे पुष्कळदा हे साधे कारण असते. त्याला ‘तंत्रज्ञानाची भीती’ म्हणून बाजूला सारता येणार नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता. त्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये देशभरच्या ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात निम्म्याच्या आसपास चालकांनी थकवा किंवा झोप असतानाही गाडी चालवत असल्याचे सांगितले. रावेर-सावद्याहून केळी भरून उत्तरेकडे निघालेल्या गाडीचा विचार करा. माल नाशवंत, उन्हाळा भाजून काढणारा, उशीर झाला तर भाव पडतो आणि भाड्यातून कपात होते. त्या चालकाला एकीकडे ‘वेळेत पोहोच’ आणि दुसरीकडे ‘साठच्या वर जाऊ नको, डिझेल वाढते’ असे दोन्ही सांगितले, तर तो झोपेचा वेळ कापतो. डिझेलच्या आलेखावर त्याची ही रात्र उत्तम दिसेल: स्थिर वेग, कमी ब्रेक, उभ्या गाडीत इंजिन फार काळ चालू नाही.

नजर ठेवली की सुरक्षा वाढते, हेही गृहीत धरता येत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून ट्रकचालकांच्या कामाच्या तासांची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. तास पाळले जाऊ लागले, हे खरे. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अपघात घटल्याचे दिसले नाही आणि वेगाच्या उल्लंघनासारखे बेदरकार चालवण्याचे प्रकार वाढल्याचे दिसले. तास मोजले जात असल्याने, तेवढ्याच तासांत काम संपवायची घाई चालकांना झाली होती. कॅरन लेव्ही यांनी याच विषयावर लिहिलेल्या पुस्तकात चालकाचा स्वाभिमान आणि त्याचा अनुभव यांची किंमत या यंत्रांनी कशी कमी केली, हे सविस्तर आले आहे.

दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही पाहिले पाहिजे. नोंद असली तर चालकाच्या बाजूनेही ती बोलते. ‘गाडी तीन तास रांगेत उभी होती’ हे तो आता दाखवू शकतो. अपघातानंतर वेग किती होता याचा पुरावा त्याच्याही कामी येतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. केबिन गार ठेवायला लागणारे थोडे डिझेल आणि शुद्धीत असलेला चालक यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागेल.

एक-दोन गाड्यांचे मालक

आपल्याकडच्या बहुसंख्य ट्रकमालकांकडे पाचपेक्षा जास्त गाड्या नाहीत. जहाज कंपनीकडे किंवा एसटीकडे नोंदी वाचायला स्वतंत्र माणूस असतो. इथे मालकच हिशेबनीस, मालकच भाडे शोधणारा आणि पुष्कळदा मालकच चालक. मालक स्वतः चालवतो तिथे प्रोत्साहनाचा प्रश्नच सुटतो. पण त्याला प्रशिक्षण कोण देणार? गाडी विकताना कंपनीचा माणूस अर्धा दिवस दाखवतो, तेवढेच. शेजारच्या चार मालकांनी मिळून एक जाणता चालक प्रशिक्षक म्हणून धरावा, सहकाराची परंपरा असलेल्या जिल्ह्याला हे अशक्य नाही. कापसाच्या आणि केळीच्या हंगामात गाड्या एकाच यार्डात जमतात. शिकवायची जागा तीच आहे.

अजून न सुटलेले

पहिला अनुत्तरित प्रश्न वाटणीचा. वाचलेल्या डिझेलचा किती भाग चालकाला मिळावा आणि तो मार्ग, भार, गाडीचे वय लक्षात घेऊन कसा काढावा, याचे सर्वमान्य सूत्र नाही. सरसकट आकड्यावर बक्षीस दिले तर सपाट रस्त्यावरचा नेहमी जिंकतो आणि घाटातला नेहमी हरतो. चालकाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी, त्याच मार्गावर करावी, हा पर्याय मला जास्त न्याय्य वाटतो. पण ज्याची चालवण्याची रीत आधीपासूनच उत्तम आहे त्याला तो काहीच देत नाही.

दुसरा प्रश्न नोंदीच्या मालकीचा. इंजिनातली माहिती गाडी बनवणाऱ्या कंपनीकडे जाते, तिथून मालकाकडे. ज्याच्या हातापायांची ती नोंद, त्याच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचते. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा नोकरीच्या कामासाठी होणाऱ्या वापराला बरीच मोकळीक देतो. नोकरी बदलताना चालकाला आपली चांगली नोंद बरोबर नेता आली, तर हेच आकडे त्याच्या पगाराची पत वाढवतील. तशी सोय अजून रुळलेली नाही.

तिसरा, प्रशिक्षण किती टिकते हा. अथेन्स आणि उप्साला इथले आकडे चाळीसगाव किंवा शिरपूर आगाराला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आपल्याकडचे भार, उष्णता आणि रस्ते वेगळे आहेत. शिबिरानंतर सहा महिन्यांनी, वर्षाने, त्याच मार्गावर, प्रशिक्षण न मिळालेल्या चालकांच्या गटाशी तुलना करून मोजले, तर उत्तर मिळेल. एसटीकडे त्यासाठी लागणारी माहिती आहे: चालक, गाडी, मार्ग, लीटर, तिकिटे. तिकीट यंत्रातली प्रवासीसंख्या केपीटीएलशी जोडली, तर प्रवाशामागचा खर्चही निघेल. नव्या यंत्राची गरज नाही. दोन नोंदवह्या एकत्र वाचायला बसणारा माणूस हवा.

चौथा प्रश्न दाराशी उभा आहे. १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावरच विजेवरची ‘शिवाई’ सुरू झाली आणि पुढे एसटीने ५,१५० विजेच्या बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला. विजेच्या गाडीतही चालकाच्या पायाला किंमत आहे, किंबहुना जास्तच. पाय आधी उचलला तर चाकांची गती पुन्हा बॅटरीत वीज म्हणून परतते. ब्रेक कचकन दाबला तर उष्णता होऊन वाया जाते. एका चार्जमध्ये गाडी धुळ्याहून जळगावला जाऊन परत येणार की वाटेत थांबणार, हे बऱ्याच अंशी त्या पायावर ठरेल. मात्र भाड्याच्या बसवर चालक ठेकेदाराचा असतो आणि एसटी ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे मोजते. गाडीची नोंद ठेकेदाराच्या संगणकात राहते. अशा चालकाला भोसरीच्या सीआयआरटीत प्रशिक्षणाला कोण पाठवणार, त्याच्या नोंदी आगाराला मिळणार का, आणि वाचलेल्या युनिटमध्ये त्याचा वाटा कोणत्या कलमाखाली येणार, हे करारांच्या पुढच्या फेरीत लिहून घ्यावे लागेल.